अ‍ॅप बनवा... आणि मग स्वतःच फोडा!



थर्ड इयरच्या मिनी प्रोजेक्टची नोटीस बोर्डावर लागली की निम्म्या ग्रुप्सचं उत्तर तयार असतं, "सर, अ‍ॅप बनवतो!" मग कुणी मेसच्या कूपनचं अ‍ॅप काढतं, कुणी अटेंडन्सचं, कुणी लॉन्ड्रीचं. व्हायवाला एक्स्टर्नल विचारतात, "लॉगिन चालतंय का?" लॉगिन चालतं, मार्क पडतात, रिपोर्ट स्पायरल बाइंड होऊन कपाटात जातो. पण त्या लॉगिनच्या मागे आख्ख्या हॉस्टेलचे रूम नंबर, मोबाइल नंबर आणि घरचे पत्ते कुठल्या डब्यात ठेवलेत आणि त्या डब्याला झाकण आहे का, हे कुणीच विचारत नाही. एखाद्या मुलीचा रूम नंबर आणि मोबाइल नंबर एकत्र बाहेर पडला तर काय होऊ शकतं, हे गर्ल्स हॉस्टेलमध्ये राहून मी वेगळं सांगायला नको.

म्हणून हा लेख. आपल्या लॅपटॉपवर अ‍ॅप बनवायची सोय आणि तेच अ‍ॅप फोडून बघायची सोय, दोन्ही शेजारी शेजारी कशा मांडायच्या, ते सांगायचंय. बनवणाऱ्यानेच आधी फोडलं तर दुसऱ्याला फोडायला कमी उरतं, एवढा साधा हिशोब आहे.

एक आधीच सांगून ठेवते. मी कॉन्व्हेंटची. घरी मराठी आणि शाळेत मराठी बोललं तर दंड, अशी वाढलेली. त्यात आमच्या संपादकांचा हुकूम की मराठी विभागात एबीसीडी दिसता कामा नये! त्यामुळे कमांडसुद्धा देवनागरीत छापल्या आहेत. टाइप मात्र इंग्रजीतच करा, नाहीतर टर्मिनल तुम्हाला ओळख दाखवणार नाही. आणि आयफोनवाल्यांनी रागावू नये. अ‍ॅपलचं एक्सकोड फक्त मॅकवर चालतं आणि हॉस्टेलात मॅक किती आहेत हे आपण जाणतोच. तेव्हा इथे फक्त अँड्रॉइड.

आधी मशीन

अँड्रॉइड स्टुडिओ किमान ८ जीबी रॅम मागतो. सोबत एम्युलेटर, म्हणजे स्क्रीनवरचा खोटा फोन, चालवायचा तर १६ जीबी हवी. ८ जीबीवर दोन्ही चालवलं तर चालतं, पण कसं? मेसच्या रांगेसारखं. त्यापेक्षा ८ जीबीवाल्यांनी एम्युलेटरचा नाद सोडून एखादा जुना खराखुरा फोन केबलने जोडावा. हार्ड डिस्क असेल तर पुढच्या पॉकेटमनीतून एसएसडी घ्या. फरक पहिल्याच दिवशी कळतो. आणि ४०-५० जीबी जागा रिकामी ठेवा, कारण एसडीके, ग्रेडलचा साठा आणि एकेक एम्युलेटर मिळून ती बघता बघता गिळतात.

विंडोज की लिनक्स? दोन्ही चालतात, भांडण नको. उबंटू असेल तर थोडं सुखाचं जातं. पण एक फॅशन आलीय तिच्याबद्दल बोलायलाच हवं. सिक्युरिटी म्हटलं की पोरं आधी काली लिनक्स टाकतात, ड्रॅगनचा वॉलपेपर लावतात आणि तिथेच सगळं थांबतं. मोबाइल अ‍ॅप तपासायला कालीची गरज नाही. उलट काली व्हर्च्युअल मशीनमध्ये टाकून त्याच्या आत एम्युलेटर चालवायला गेलात तर मशीनच्या आत मशीन होतं आणि दोन्ही रांगतात. एम्युलेटर मूळ ओएसवरच ठेवा. लागणारी हत्यारं तिथेच बसतात.

एम्युलेटरला वेग हवा असेल तर प्रोसेसरचं व्हर्च्युअलायझेशन चालू लागतं. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर जा, खाली 'व्हर्च्युअलायझेशन : एनेबल्ड' दिसलं पाहिजे. नसेल तर बायोसमध्ये जाऊन इंटेलवर व्हीटी-एक्स, एएमडीवर एसव्हीएम चालू करा. मग विंडोज फीचर्समधून 'विंडोज हायपरव्हायझर प्लॅटफॉर्म' टिक करून रीस्टार्ट करा. लिनक्सवर हेच काम केव्हीएम करतं. सीनियर्सच्या जुन्या नोट्समध्ये 'हॅक्सम इन्स्टॉल करा' असं लिहिलेलं असेल तर ती ओळ खोडा. इंटेलने ते २०२३ सालीच बंद केलं.

आता एक गोष्ट, जी कुठल्याच लॅब मॅन्युअलमध्ये नसते. लॅपटॉपवर या कामासाठी वेगळा युजर बनवा. त्याचं नाव इंग्रजीत, लहान अक्षरात आणि मध्ये स्पेस न देता ठेवा. कारण दोन आहेत. पहिलं मजेशीर आहे. विंडोजवर आपलं नाव हौसेने देवनागरीत टाकलं असेल, तर ते फोल्डरच्या पाथमध्ये येतं आणि ग्रेडल 'नॉन-आस्की कॅरेक्टर्स' म्हणून हात वर करतो. मराठी बाणा दाखवायची ती जागा नव्हे! दुसरं कारण गंभीर आहे. तुमच्या नेहमीच्या युजरमध्ये जीमेल उघडं असतं, बँकेचा पासवर्ड ब्राउझरने लक्षात ठेवलेला असतो, घरचे फोटो असतात. तपासणीची हत्यारं आणि कुठून कुठून आणलेली अ‍ॅप्स त्यांच्या शेजारी मांडून ठेवायची नसतात.

इन्स्टॉल, पण पेनड्राइव्हवरून?

अँड्रॉइड स्टुडिओ गूगलच्या अँड्रॉइड डेव्हलपर साइटवर फुकट मिळतो. जावा त्याच्या सोबतच येतो, वेगळा टाकायची गरज नाही. इथपर्यंत सोपं आहे. पण हॉस्टेलमध्ये डाऊनलोड कोण करतं? एक जण करतो, बाकी विंगमध्ये पेनड्राइव्ह फिरतो. त्यात वाईट काही नाही, नेट वाचतं. फक्त तो इन्स्टॉलर वाटेत कुणी बदललेला नाही ना, हे बघायचा एक मिनिटाचा उपाय आहे आणि तो करायचाच. डाऊनलोडच्या पानावर प्रत्येक फाइलसमोर 'एसएचए-२५६' नावाची ६४ अक्षरांची एक ओळ छापलेली असते. विंडोजवर 'सर्टयुटिल हायफन-हॅशफाइल', पुढे फाइलचं नाव, पुढे 'एसएचए२५६' असं टाइप करा. लिनक्सवर 'एसएचए२५६सम' आणि फाइलचं नाव. आलेली ओळ आणि छापलेली ओळ तंतोतंत जुळली तर फाइल तीच. एक अक्षर जरी वेगळं असेल तर डिलीट करा, मग ती फाइल जिवलग मित्राने दिलेली का असेना.

याच ओघात 'क्रॅक'बद्दल. बर्प स्वीट नावाचं हत्यार आपल्याला पुढे लागणार आहे. त्याची प्रोफेशनल आवृत्ती महाग आहे, म्हणून तिचा क्रॅक इकडे तिकडे फिरत असतो. विचार करा, सिक्युरिटी शिकायला बसलोय आणि सुरुवात कुणा अनोळखी माणसाने बदललेला प्रोग्राम अ‍ॅडमिन म्हणून चालवण्यापासून! कम्युनिटी आवृत्ती फुकट आहे आणि आपल्याला पुरून उरते. तीही नको असेल तर झॅप आणि मिटमप्रॉक्सी ही दोन्ही पूर्णपणे मुक्त सॉफ्टवेअर आहेत.

पहिला प्रोजेक्ट उघडल्यावर ग्रेडल इतकं काही डाऊनलोड करतो की जेवून यावं. ते एकदाच असतं. नंतर ऑफलाइन मोड चालू केला की नेटशिवायही बिल्ड होतं.

खोटा फोन निवडताना

एम्युलेटर बनवताना सिस्टिम इमेज निवडावी लागते, आणि बहुतेक जण डोळे मिटून पहिली निवडतात. इथे जरा थांबा. 'गूगल प्ले' लिहिलेली इमेज दुकानातून आणलेल्या फोनसारखी असते, कुलूपबंद. तिच्यावर 'एडीबी रूट' ही कमांड दिली की सरळ नकार येतो. 'गूगल एपीआयज' लिहिलेल्या इमेजमध्ये प्ले स्टोअर नसतं, पण रूट मिळतं, म्हणजे फोनचे सगळे खण उघडून बघता येतात. तेव्हा दोन फोन बनवा. पहिला प्ले स्टोअरवाला, सामान्य माणसाला अ‍ॅप कसं दिसेल ते बघायला. दुसरा गूगल एपीआयजवाला, फोडायला. दुसऱ्यावर स्वतःचं गूगल अकाउंट कधीच टाकू नका. आणि तो कोरा असतानाच एक स्नॅपशॉट घेऊन ठेवा, म्हणजे काही बिघडलं तर एका क्लिकवर पुन्हा कोरा होतो. प्रत्यक्ष आयुष्यात ही सोय असती तर किती केटी वाचल्या असत्या!

खरा फोन वापरणार असाल तर तो जुना, रिकामा, सिम काढलेला हवा. रोजच्या वापरातला, यूपीआय असलेला फोन नको, आणि त्याला रूट करायचा विचार तर मुळीच नको. बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात, तिथे यूएसबी डिबगिंग चालू करायचं. केबल जोडून 'एडीबी डिव्हायसेस' दिलं आणि 'अनऑथराइज्ड' आलं तर घाबरू नका, फोनच्या स्क्रीनवर परवानगीची चौकट वाट बघत असते. लॅबच्या कॉम्प्युटरला जोडताना मात्र त्या चौकटीतल्या 'नेहमी परवानगी द्या'वर टिक करू नका. तो कॉम्प्युटर उद्या दुसऱ्याच्या हातात असणार आहे.

आता फोडा

समजा, तुमच्या ग्रुपने मेस कूपनचं अ‍ॅप बनवलंय. त्याची एपीके फाइल घ्या. एपीके म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, झिप फाइल आहे. जॅडएक्स नावाचं फुकट हत्यार ती उघडून आतला कोड पुन्हा जावासारखा वाचता येईल असा मांडून देतं. तुमचा सर्व्हरचा पत्ता, डेटाबेसची किल्ली, अ‍ॅडमिनचा पासवर्ड कोडमध्ये लिहिला असेल तर तो शोधायला दोन मिनिटं लागतात. "पण आम्ही आर-एट लावलाय की!" आर-एट क्लासची आणि फंक्शनची नावं बदलतो. अवतरणातला मजकूर जसाच्या तसा राहतो. "मग बेस-६४ केलंय." तेही कुलूप नव्हे. मराठी पत्र मोडीत लिहिण्यासारखं आहे ते. लिपी बदलली, मजकूर तोच. ज्याला मोडी येते तो वाचणारच. जे गुपित आहे ते अ‍ॅपमध्ये ठेवायचंच नाही, सर्व्हरवर ठेवायचं. यावर दुसरा उपाय नाही.

मग फोनवर काय सांडलंय ते बघा. अँड्रॉइड प्रत्येक अ‍ॅपला वेगळा लिनक्स युजर समजतो आणि स्वतःची खोली देतो, 'डेटा' मधल्या 'डेटा' मधल्या अ‍ॅपच्या नावाच्या फोल्डरमध्ये. रूट घेऊन 'एडीबी शेल'मधून तिथे शिरा. 'शेअर्ड प्रेफ्स' फोल्डरमध्ये एक्सएमएल फाइल असते. ती उघडल्यावर पासवर्ड साध्या अक्षरात दिसला तर लगेच बदल करा. शिवाय 'लॉगकॅट' चालू ठेवून एकदा लॉगिन करून बघा. डिबगिंगच्या नादात लिहिलेली लॉगची ओळ ओटीपी छापत बसलेली असते आणि सबमिशनच्या घाईत ती तशीच राहते.

यानंतरचा भाग मला सगळ्यात आवडतो आणि सगळ्यात जास्त घोळही तिथेच होतात. अ‍ॅप आणि सर्व्हर यांच्यात काय बोलणं चालतं ते ऐकायचं. त्यासाठी लॅपटॉपवर बर्प किंवा झॅप चालू करा. ते ८०८० या पोर्टवर बसतात. एम्युलेटरच्या सेटिंग्जमध्ये प्रॉक्सी म्हणून तुमच्या लॅपटॉपचा पत्ता द्यायचा. फोनच्या आतून दिलेला १२७.०.०.१ म्हणजे एम्युलेटर स्वतः. लॅपटॉपसाठी तिथून खास पत्ता आहे, १०.०.२.२. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

प्रॉक्सी लावली की अ‍ॅप रुसतं. सर्टिफिकेटची एरर येते. का येते, ते हॉस्टेलच्या भाषेत सांगते. सर्टिफिकेट म्हणजे गेटपास. त्यावर रेक्टरची सही असते आणि वॉचमनकाका ती सही ओळखतात. पासवर नाव कुणाचं आहे आणि सही कुणाची आहे, दोन्ही जुळावं लागतं. आता बर्प मध्ये उभा राहून स्वतःच्या सहीचे पास छापतो. काका म्हणतात, "हे कोण? मी नाही ओळखत." बरोबर आहे त्यांचं! बर्पचं सर्टिफिकेट फोनमध्ये टाकणं म्हणजे काकांना सांगणं, की या माणसाचीही सही चालवून घ्या. पूर्वी एवढं पुरायचं. २०१६ साली आलेल्या अँड्रॉइड ७ पासून नियम बदलला. त्या आवृत्तीसाठी आणि तिच्या पुढे बनवलेलं अ‍ॅप फोनच्या मालकाने नंतर टाकलेल्या सहीवर आपणहून विश्वास ठेवत नाही. अ‍ॅप बनवणाऱ्याने तशी सूचना दिली तरच ठेवतं.

इथे दोन वाटा फुटतात. सरळ वाट अशी, की प्रोजेक्टमध्ये 'नेटवर्क सिक्युरिटी कॉन्फिग' नावाची एक्सएमएल फाइल बनवायची आणि तिच्यात 'डिबग-ओव्हरराइड्स' या भागात युजरची सर्टिफिकेट्स चालतील असं लिहायचं. हा भाग फक्त डिबग बिल्डमध्ये लागू होतो. रिलीज बिल्डमध्ये अँड्रॉइड त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. म्हणजे तपासताना दार उघडं आणि वाटताना बंद.

दुसरी वाट एरर गूगलवर शोधल्यावर सापडते. 'ट्रस्ट मॅनेजर'चा दहा ओळींचा तयार कोड, जो कुठलंही सर्टिफिकेट आलं तरी "चालेल" म्हणतो. कॉपी, पेस्ट, एरर गायब, ग्रुप खूश. पण हे काकांना सही ओळखायला शिकवणं नाही, काकांना झोपेची गोळी देणं आहे. तो कोड रिलीजमध्येही तसाच जातो. मग हॉस्टेलच्या वाय-फायवर मध्ये कुणीही उभा राहिला तरी अ‍ॅप त्याला सर्व्हर समजून पासवर्ड हातात देतं. हीच गोष्ट साध्या एचटीटीपीची. २०१८ च्या अँड्रॉइड ९ पासून ते आपोआप बंद असतं, आणि लॅपटॉपवरचा टेस्ट सर्व्हर चालावा म्हणून लोक मॅनिफेस्टमध्ये 'क्लिअरटेक्स्ट' ट्रू करून टाकतात. तेसुद्धा डिबगपुरतंच ठेवा.

बोलणं ऐकू यायला लागलं की खरी गंमत. कूपनची रिक्वेस्ट पकडा, त्यातला तुमचा रोल नंबर बदलून शेजारणीचा टाका आणि पाठवा. तिची कूपन्स, तिचा मोबाइल, तिचा रूम नंबर समोर आला? मग भोक अ‍ॅपमध्ये नाही, सर्व्हरमध्ये आहे. सर्व्हरने "तू कोण?" एवढंच विचारलं, "हे तुझं आहे का?" हे विचारलंच नाही. अ‍ॅपची स्क्रीन कितीही सुंदर असो, हे भोक तिने बुजत नाही. मात्र हा प्रयोग करायचा तो आपल्याच लॅपटॉपवर चालवलेल्या सर्व्हरवर, बनवलेल्या दोन खोट्या अकाउंट्समध्ये. टेस्टिंगसाठी हॉस्टेलची खरी यादी एक्सेलमधून उचलून भरायची नाही. नावं खोटी, नंबर खोटे. शेजारीण खरी असली तरी तिचा डेटा खोटाच!

याच्या पुढे फ्रिडा आहे, चालू अ‍ॅपच्या आत हात घालणारं हत्यार. त्याबद्दल एवढंच, की लॅपटॉपवरची आणि फोनवरची फ्रिडा एकाच आवृत्तीची ठेवा आणि ती पायथनच्या वेगळ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये टाका. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

सरावाला मुद्दाम भोकं ठेवलेली अ‍ॅप्स मिळतात. त्यातलं 'दिवा' तर आपल्या पुण्याच्या पेयाटू कंपनीने बाहेर आणलंय, त्यात १३ धडे आहेत. ओवास्प या संस्थेची 'अनक्रॅकेबल' अ‍ॅप्स त्यापेक्षा कठीण आहेत. ओवास्पचंच 'एमएएसटीजी' हे जाडजूड मार्गदर्शक फुकट आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री वाचायचं पुस्तक ते नव्हे, पण अडलं की उघडावं.

आता कुणीतरी म्हणणारच, "मग बँकेचं अ‍ॅप बघू का? नुसतं बघायचंय." नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या परवानगीशिवाय कॉम्प्युटरमध्ये शिरणं हीच चूक आहे, त्यासाठी भरपाई मागता येते. तेच अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केलं की कलम ६६ लागतं, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आपला हेतू चांगला होता हे पोलीस स्टेशनात बसून सिद्ध करायची वेळ कॅम्पस इंटरव्ह्यूच्या सीझनमध्ये कशाला आणायची? ज्या कंपन्या बक्षीस देऊन तपासायला बोलावतात त्या काय तपासायचं आणि काय नाही हे लिहून देतात, ते आधी वाचा. आणि वापरता वापरता एखादं भोक सहज दिसलंच, तर तिथेच थांबा. स्क्रीनशॉट विंगच्या ग्रुपवर टाकू नका. ज्यांचं अ‍ॅप आहे त्यांना कळवा, त्यांनी दाद दिली नाही तर सर्ट-इन या सरकारी संस्थेकडे कळवता येतं. कॉलेजच्याच एखाद्या अ‍ॅपचं असेल तर डिपार्टमेंटच्या सरांना किंवा मॅडमना लेखी द्या आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा.

शेवटचं, खरा फोन वापरणाऱ्यांसाठी. फोनवरून लॅपटॉपच्या प्रॉक्सीपर्यंत पोहोचायला सगळे बर्पला 'ऑल इंटरफेसेस' करतात. त्याने तुमची प्रॉक्सी आख्ख्या हॉस्टेलच्या वाय-फायला उघडी पडते. त्याऐवजी केबल जोडा आणि 'एडीबी रिव्हर्स टीसीपी:८०८० टीसीपी:८०८०' द्या. मग फोनवर प्रॉक्सी १२७.०.०.१, पोर्ट ८०८० ठेवली तरी सगळं केबलमधूनच लॅपटॉपकडे येतं, बाहेर कुणाला पत्ता लागत नाही. काम झालं की प्रॉक्सी काढा, बर्पचं सर्टिफिकेट फोनमधून उडवा, यूएसबी डिबगिंग बंद करा. प्रॉक्सी तशीच राहिली तर केबल काढल्या काढल्या फोनचं नेट बंद पडतं, आणि बिचाऱ्या वाय-फायवाल्या काकांना तिसऱ्या मजल्यावर फुकटची चक्कर पडते.